दाराला टेकवलेला झाडू

सिल्वी लांट्टोने छत्तीस वर्षं माल्मवाऱ्यात टपाल वाटलं. त्यामुळे माणसांच्या आधी तिला दारं ओळखू येत. कुठल्या दाराची टपालाची फट बोट चावते, कुठल्या दारामागे कुत्रं दबा धरून बसतं, सगळं तोंडपाठ. खाणीने जमीन पोखरली आणि गाव तीन किलोमीटर पलीकडे हलवायचं ठरलं, तेव्हा लोकांनी पडदे नेले, फ्रीज नेले, कुंड्यासुद्धा नेल्या. दारं तेवढी कोणी नेली नाहीत. नव्या फ्लॅटना होतीच, सगळी एकजात करडी.

घरं पाडणारी मशिनं यायच्या आत सिल्वीने आपल्या गल्लीतली एकोणीस दारं चौकटींसकट उतरवली. घसरगाडीवर घालून नव्या चौकात आणली आणि जुन्या क्रमानेच एकामागे एक उभी केली. पहिलं शेजारच्या होल्गरचं, पिवळं. सगळ्यांत शेवटी मात्र विसावं, नव्या फ्लॅटचं करडं दार. मधे जुन्या फळ्यांची बाकं. गल्ली पांगली होती, कोणी कोणाकडे कॉफीला जात नव्हतं, आणि ते सिल्वीला सहन होत नव्हतं. सगळ्यांनी एकदा या दारांतून चालत यावं, एवढंच तिला हवं होतं.

नगरपालिकेच्या टॉर्केलने मुदत दिली. "मावशी, शनिवारपर्यंत जागा तुमची. लोक आले तर राहू दे. नाहीतर मला ट्रक आणावा लागेल."

"आण की. लहानपणी माझी टपालाची सायकल ढकलायचास, आता ट्रक चालव."

सोमवारपासून सिल्वी रोज सकाळी दारांपुढचं बर्फ झाडायची आणि समोरच्या आपल्या खिडकीत जाऊन बसायची. लोक यायचे, दहा पावलांवर थांबायचे आणि मुकाट्याने परत फिरायचे. दालचिनीच्या पावासाठी कुठेही शिरणारी ब्रिटासुद्धा फिरली. चार दिवस हेच. शुक्रवारी सकाळी झाडून झाल्यावर ती तडक होल्गरकडे गेली.

"तू तरी आत जायचंस. पहिलं दार तुझंच आहे ना?"

"गेलो होतो. दोनदा."

"मग?"

"घरात कोणी नव्हतं."

"अरे, नुसती दारं आहेत ती. घर कुठंय?"

"बाई, दाराला झाडू टेकवून ठेवलायस तू. माणूस आत जाईल कसा?"

माल्मवाऱ्यात कुलूप कोणी लावत नसे. बाहेर जाताना दाराला झाडू टेकवायचा, म्हणजे घरात कोणी नाही, नंतर या. झाडू दिसला की तीही छत्तीस वर्षं पत्र सारून पुढे जात आली होती. आणि रोजचं बर्फ झाडून झाल्यावर तिने झाडू ठेवला होता तो नेमका होल्गरच्या दाराला.

ती धावत खाली गेली आणि झाडू दारामागे टाकला. दुपारपर्यंत सगळी गल्ली हजर. होल्गरने स्वतःच्याच दारावर टकटक केली, बाकावर बसून बूट काढले आणि मोज्यांवर बर्फातून चालू लागला.

"गारठशील, म्हाताऱ्या."

"ऐंशी वर्षांत बूट घालून कोणाच्या घरात गेलो नाही. आता कशाला?"

मग सगळ्यांनीच काढले. वीसही दारांवर टकटक करत, एकमेकांना "या, या" म्हणत, कुडकुडत सगळे पार झाले. सिल्वी आनंदाने शेवटच्या दाराशी प्रत्येकाचा हात हातात घेत होती.

शनिवारी सगळे पुन्हा जमले आणि तिथूनच ब्रिटाकडे कॉफीला गेले. होल्गर सगळ्यांत मागून आला. होल्गरबरोबर परतताना सिल्वीला बर्फात ट्रकच्या चाकांचे ठसे दिसले. दारांपर्यंत आलेले आणि तिथूनच वळलेले. तिने दारं मोजली. सगळी जागेवर होती. तिने टॉर्केलला फोन लावला.

"आलो होतो, मावशी. पण घरात कोणी नव्हतं."

सिल्वीने पिवळ्या दाराकडे पाहिलं. झाडू टेकवलेला होता. होल्गर आभाळाकडे बघत होता.

"मग कागदावर काय लिहिणार आहेस?"

"लिहितो, की इथे माणसं राहतात. राहत्या घरावर ट्रक कसा आणू?"