बद्रीनाथ बालवाडी तपासतो

आमच्या वरच्या मजल्यावरचा बद्रीनाथ खराडीतल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर तपासतो. म्हणजे दुसऱ्यांनी मरमरून जे बनवलेलं असतं त्यात हा खोट काढतो, आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो. आम्ही कोथरूडकर हे काम जन्मभर फुकट करत आलो, असं मी त्याला पहिल्याच भेटीत ऐकवलं. तो हसला. माणूस मुळात वाशिमचा, सरळ. इतकी वर्षं पुण्यात राहूनही त्याला कुणाचा अपमान करता येत नाही. त्याला फक्त चूक दिसते, आणि ती सांगितल्याशिवाय जेवण पचत नाही. सोसायटीच्या लिफ्टमधल्या आरशाचा कोपऱ्यात टवका उडालेला आहे, हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. त्याने दाखवल्यापासून मला आरशात तेवढंच दिसतं.

त्याची एकुलती एक मुलगी सोनू तीन वर्षांची व्हायला आली आणि घरात बॉम्ब पडला. बायको नम्रता आजवर घरूनच काम करत होती. तिच्या कंपनीने फर्मान काढलं की जूनपासून रोज ऑफिसात या. आजी वाशिमला, गुडघे धरून बसलेली. बालवाडी ठरली नाही तर एकाची नोकरी जाणार होती, आणि ती कुणाची, हे विचारण्याची आपल्याकडे पद्धतच नाही. नम्रताने मात्र विचारायच्या आधीच उत्तर दिलं.

"नोकरी मी सोडणार नाही. शाळा तू शोध."

बद्रीनाथने हे काम अंगावर घेतलं. मी निवृत्त माणूस, फुकटची करमणूक म्हणून त्याच्याबरोबर जायला लागलो.

पहिली शाळा मुख्य रस्त्यावरची, एसी असलेली. बाईंनी स्वागताला गुलाबाचं फूल दिलं. बद्रीनाथने ते माझ्या हातात दिलं आणि गुडघ्यांवर बसून रांगत वर्गात शिरला, कारण म्हणे मुलांच्या उंचीवरून पाहायला हवं. प्लगची भोकं पाहिली. घसरगुंडीवरून स्वतः घसरला आणि मध्येच अडकला. शेवटी दाराच्या फटीत स्वतःचं बोट घालून दार लावलं. बोट चेमटलं, शाळा बाद.

दुसऱ्या शाळेत भिंतीवर गाय रंगवली होती. तिला शिंगं होती, कान नव्हते. "जे गायीचे कान विसरले, ते आपलं लेकरू विसरणार नाहीत कशावरून?" असं त्याने मला बाहेर येऊन विचारलं. तिसऱ्या शाळेच्या मॅडम म्हणाल्या, "आम्ही मुलांना भविष्यासाठी तयार करतो." त्यावर हा म्हणाला, "शी झाली तर धुतं कोण?" मॅडम म्हणाल्या, त्यासाठी आमचा स्टाफ आहे. "त्यांचं नाव काय?" मॅडमना सांगता आलं नाही. हा प्रश्न मला पटला, हे कबूल करतो.

एवढ्यावर थांबला असता तर बरं होतं. पण ऑफिसातली खोड. घरी येऊन प्रत्येक शाळेला तो सविस्तर ईमेल करायचा: फोटो, फोटोवर लाल गोल, आणि पुढे दोषाची प्रत, गंभीर की मध्यम की किरकोळ. त्याच्या कंपनीत अशा ईमेलला लोक आभार मानतात. बालवाडीच्या बायका मानत नाहीत. त्यांचा व्हॉट्सॲपवर ग्रुप असतो, आणि त्या ग्रुपवर बद्रीनाथ चांगलाच गाजला. मे महिन्यात त्याने फोन करून नुसतं नाव सांगितलं, की मुलीचं वय विचारायच्या आत पलीकडून यायचं, "ॲडमिशन फुल्ल आहेत."

नम्रताला हे कळलं त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून सगळं माझ्या स्वयंपाकघरात आलं.

"तुला शाळा नकोच आहे! सरळ सांग ना!" ती ओरडली.

दुसऱ्या दिवशी पार्किंगमध्ये मी त्याला धरला. "अहो, मुलीला बालवाडीत घालायचंय, चंद्रावर नाही!"

तो स्कूटरची किल्ली बोटात फिरवत राहिला. मग म्हणाला, "काका, सॉफ्टवेअर बिघडलं तं मांगचं व्हर्जन परत टाकता येते जी. सोनूचं मांगचं कुठून आणू? काय दुखते, तेही तिले अजून नीट सांगता येत नाही."

मी कोथरूडचा, तरी टोमणा न मारता त्याच्या स्कूटरवर मागे बसलो.

उरली होती एकच. मागच्या गल्लीत, एका जुन्या बंगल्याच्या तळमजल्यावर शालनताईंची बालवाडी. त्या ग्रुपमध्ये नव्हत्या, कारण त्यांच्याकडे तसला फोनच नव्हता. फाटकावर पाटी होती: 'पालकांनी बाहेरच थांबावे. आत मुलांपुरती जागा आहे.'

"कडी सैल आहे," बद्रीनाथ फाटकाशी आलेल्या शालनताईंना म्हणाला.

"माहीत आहे. मुलांचा हात पोचत नाही. पालक हलवून हलवून सैल करतात."

"शी कोण धुतं?"

"मी. बघायला थांबताय?"

मग ताईंनी आपला नियम सांगितला. आठवडाभर मुलीने आत यायचं आणि बापाने फाटकातूनच परत फिरायचं. जमलं तर प्रवेश. "मुलीची परीक्षा मी घेत नाही," त्या म्हणाल्या. "तुमची घेते."

पहिल्या दिवशी हा कण्हेरीच्या मागे लपला. कण्हेर कमरेएवढी, हा ताडमाड, त्यात डोक्यावर हेल्मेट. सोनूने खिडकीतून पाहिलं आणि भोकाड पसरलं. दुसऱ्या दिवशी तो भाजीच्या टेम्पोमागे उभा राहिला. टेम्पो निघून गेला, हा तिथेच. पुन्हा भोकाड. शनिवारी शालनताई फाटकापर्यंत आल्या.

"मुलगी रुळली आहे. तुम्ही दिसला नाहीत तर छान खेळते. तुम्ही मात्र रोज नापास होताय. सोमवारीही असंच केलंत तर तिला घरी घेऊन जा. एका जागेत दोघांना प्रवेश देत नाही मी."

आणि सोमवारी नम्रताचा ऑफिसातला पहिला दिवस होता. सकाळी ती कंपनीच्या बसने निघाली. जाताना बद्रीनाथला म्हणाली, "आज मला परत फिरायला लावू नकोस." एवढंच.

फाटकाशी तो सोनूच्या पाण्याच्या बाटलीचं झाकण पुन्हा पुन्हा घट्ट करत राहिला. त्याचं नाक लाल झालं होतं. सोनूने मान वर करून त्याच्याकडे नीट पाहिलं.

"बाबा, तू रडू नको," ती म्हणाली. "तू रडला की मले पण येते. जा आता. कडी लाव."

बाटली त्याच्या हातातून ओढून घेऊन ती आत गेली. मागे वळून पाहणं वगैरे काही नाही. आत कुणीतरी मातीचा ढीग केला होता, तिकडे थेट.

बद्रीनाथने कडी लावली, आणि ती ओढून न बघताच वळला. मी हे पाहिलं नसतं तर माझा विश्वास बसला नसता.

स्कूटरपाशी येतो तोच नम्रताचा फोन. डोक्यात हेल्मेट, म्हणून त्याने स्पीकर लावला.

"सोडलंस?"

"हाव."

"रडली?"

"नाही."

"आणि तू?"

"नम्रता, तुझा आवाज तुटतोय," असं म्हणून त्याने फोन बंद केला. तिचा आवाज मला खणखणीत ऐकू येत होता.