अर्ध्या मिलीमीटरची फट

नळ्यांच्या कारखान्यात तिला सगळे 'पट्टीबाई' म्हणत. नाव ठेवणाऱ्याने अगदी मोजून ठेवलं होतं. एप्रनच्या खिशात कायम स्टीलची पट्टी, आणि बोलणंही तसंच सरळसोट. पंधरा वर्षं तिचं एकच काम. स्टेनलेसच्या नळीचा तुकडा घ्यायचा, त्यावर पन्नास मिलीमीटर अंतराने दोन खुणा करायच्या आणि यंत्राच्या जबड्यात धरून ओढायचा. सुरुवातीला नळी ताणली जाते, सोडली की होती तशी होते. एका मर्यादेपलीकडे मात्र ती मागे फिरत नाही. लांबत जाते, बारीक होते आणि शेवटी फाडकन तुटते. मग दोन्ही तुकडे घट्ट जुळवून खुणांमधलं अंतर मोजायचं. साडेसदुसष्ट भरलं तर माल पास, कारण तेवढी ताणली जाणारी नळी वाकवताना तडकत नाही.

त्या दिवशी तपासणीला घेतलेले तिन्ही तुकडे सदुसष्टवर अडले.

माल एका हॉस्पिटलच्या धुलाईघरात वाफेच्या लाइनीसाठी जायचा होता. कारखान्याचा मालक तिचा थोरला दीर. नवरा गेल्यावर त्यानेच तिला आणि तिच्या मुलीला कारखान्यावरची खोली दिली होती. हे उपकार तो स्वतः विसरत नसे, दुसऱ्या कुणाला विसरूही देत नसे.

"अर्ध्या मिलीमीटरसाठी गाडी अडवलीस?" तो म्हणाला. "तुकडे जरा सैल धर की. नवरा हॉस्पिटलात होता तेव्हा धरले होतेस ना?"

धरले होते. एकदाच. तुकड्यांमध्ये जराशी फट, आणि माल पास. तेव्हापासून ती फट तिच्या मानगुटीवर बसली होती.

"भाऊजी, वाफ आहे. कुणाच्या अंगावर आली तर?"

"बरं, राहू दे." त्याने आवाज चढवला नाही. "तुझी पोर शिकून तयार आहेच. तिलाच बसवतो इथे. ती नाही म्हणायची नाही."

नव्हतीच म्हणणार. पोरीला दुसऱ्या शहरात नोकरी लागली होती, सोमवारी निघायचं होतं. पण नाही म्हटलं तर आईचं छप्पर जाईल एवढं कानावर पडलं असतं, तर भरलेली बॅग तिने तिथल्या तिथे रिकामी केली असती. पट्टीबाईने स्वतःलाच मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या, तुकडे उचलले, फट ठेवली. साडेसदुसष्ट लिहिलं आणि खाली सही केली. स्वतःची इतकी किळस तिला कधी आली नव्हती.

"तिला जाऊ द्या, भाऊजी."

"मी कुठे धरून ठेवलंय?" रजिस्टर काखोटीला मारून तो गेला.

संध्याकाळी ती जिना चढून वर आली तेव्हा पोर चहा गाळत होती.

"आई, रागावू नकोस हं. मोठ्या काकांनी परवाच विचारलं होतं, तुझ्या जागी बसशील का म्हणून. मी हो म्हणाले. तू किती दमतेस ते मला दिसत नाही का? तिकडच्या नोकरीला नकार कळवून टाकलाय."

खाली गाडीत नळ्या चढवणं चालू होतं. पट्टीबाईने खिशातली पट्टी काढून ओट्यावर ठेवली.

पोरीने कप तिच्या हातात दिला. "सांग ना, आधी काय शिकवशील?"