सुवर्णाने कुणाला विचारलं नाही

सुवर्णाला विचारा, चहात साखर किती घालू, तर ती म्हणते, "तुम्ही किती घेता, काकू?" मला या उत्तराचा मनापासून राग येतो. चहा तिला प्यायचा, आणि साखर मी ठरवायची. पण बाईच तशी आहे. समोरच्याची सोय बघता बघता आपल्याला काय हवं होतं, हेच तिला आठवेनासं होतं.

अमेरिकेत टेक्ससमधल्या अर्विंगच्या आमच्या अपार्टमेंटमध्ये ती खालच्या मजल्यावर राहते. वर आम्ही, म्हणजे माझा मुलगा सिद्धेश, सून रीमा आणि वर्षातले सहा महिने मी. मी नागपूरची, वीज मंडळातून रिटायर झालेली, आणि मला स्पष्ट बोलायची सवय आहे. सुवर्णा साताऱ्याची, पुण्यात शिकलेली, वय छत्तीस. एका बँकेच्या सॉफ्टवेअरचं टेस्टिंग तिच्या हाताखाली चालते. कामाच्या फोनवर तिला ऐकलं तर ही तीच का, असा प्रश्न पडतो. "नाही, हे असं रिलीज होणार नाही. परत टेस्ट करा," असं ती बारा जणांना शांतपणे सुनावते. फोन ठेवला की पुन्हा आमची गरीब गाय. नवरा सत्यजित महिन्यातले पंधरा दिवस कामासाठी सिएटलला असतो. मुलगी अनिका सहा वर्षांची, मुलगा आर्य चारचा.

आता एका ग्रुपबद्दल सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या चार कुटुंबांनी ठरवलं की मुलांना सॅन अँटोनिओच्या थीम पार्कला न्यायचं, आणि त्यासाठी व्हॉट्सॲपवर ग्रुप काढला. इथे आपल्या लोकांची एक रीत आहे. सहलीला एकट्याने जायचं नाही. सगळ्यांनी मिळून मोठं घर भाड्याने घ्यायचं, एकीने पोहे करायचे, दुसरीने पावभाजी, आणि कुणी वेगळं गेलंच तर बाकीच्यांनी वर्षभर "आम्हाला विचारलं नाहीत" म्हणायचं. रीत वाईट नाही, पण या ग्रुपवर जो तो म्हणायचा, "तुम्ही ठरवा, आम्हाला कुठलीही तारीख चालेल." चौघांनाही सगळं चालत असल्यामुळे काहीच ठरत नव्हतं. एकदा तारखांसाठी मतं मागवली, तर चारही कुटुंबांनी सगळ्या तारखांवर खूण केली. माझी सून तर वर्षभर एवढंच विचारत होती की त्या घरात कुकर असेल का. सुवर्णा प्रत्येकाला उत्तर देत बसायची आणि मुलांना सांगायची, "हो, जाऊ या सुट्टीत." अशा तीन सुट्ट्या गेल्या.

मार्चमध्ये मुलांना स्प्रिंग ब्रेकची सुट्टी लागली. तीही संपत आली होती. त्या गुरुवारी संध्याकाळी मी तिच्याकडे डबा परत द्यायला गेले. ती कणीक मळत होती. बाहेरच्या खोलीत अनिका मैत्रिणीशी खेळत होती. मैत्रिणीने विचारलं, वीकेंडला तुम्ही कुठे जाणार. अनिका म्हणाली, "मॉम सेड वी आर गोइंग टु द पार्क." आणि लगेच, बाहुलीचे केस विंचरता विंचरता, "सो वी आर नॉट."

आवाजात तक्रार नव्हती. आज गुरुवार आहे म्हणावं, तसं ती म्हणाली.

सुवर्णाचा हात कणकेत थांबला. "काकू, ऐकलंत?"

"ऐकलं."

"तिला राग पण येत नाही आता." एवढं बोलून ती रडायला लागली, हाताला पीठ असल्यामुळे डोळे दंडाला पुसत. मला तिची कीव आली आणि खरं सांगायचं तर बरंही वाटलं. रडली म्हणजे लागलं. आईच्या शब्दावर मुलीचा विश्वास उरला नाही, याहून मोठा तोटा कुठल्या घरात होत असेल असं मला वाटत नाही.

तिने हात धुतले, कणकेवर ताट झाकलं आणि लॅपटॉप उघडला. हातात राहिले होते शनिवार आणि रविवार. हॉटेलं सगळी भरलेली. एकोणिसाव्या की विसाव्या ठिकाणी, पार्कच्या अलीकडे अर्ध्या तासावर, ट्रकवाले उतरतात तसल्या एका मोटेलमध्ये खोली मिळाली. मग सवयीप्रमाणे तिने फोन उचलला, ग्रुप उघडला आणि लिहायला लागली, "आम्ही या वीकेंडला जायचा विचार करतोय, कुणाला..." मी शेजारून वाचत होते. जीभ शिवशिवत होती, पण गप्प बसले. ती थांबली, लिहिलेलं पुसलं, फोन पालथा ठेवला आणि लॅपटॉपवर पार्कची तिकिटं काढली.

नवऱ्याला तेवढं कळवलं. सत्यजित म्हणाला, "अगं, मी सिएटलला. ड्राइव्ह कोण करणार?"

"मी."

"पावणेतीनशे मैल आहेत."

"माहितीये."

लांबचा रस्ता आजवर नेहमी त्यानेच चालवलेला. तो म्हणाला, "टायरमधली हवा बघून घे." जावई असावा तर असा, असं मला उगाचच वाटलं. नंतर सुवर्णा माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही येता? आर्यला धरायला कुणीतरी लागेल." माझे गुडघे, माझ्या गोळ्या, सगळं मला आठवलं. तरी मी हो म्हणाले.

शनिवारी पहाटे साडेपाचला निघालो. तिखटमिठाच्या पुऱ्या, लसणीची चटणी, आर्यसाठी दहीभात. अनिका गाडीत बसली, गुलाबी गॉगल लावला आणि एकही प्रश्न विचारला नाही. आर्यने मात्र वेको येईपर्यंत अकरा वेळा "पोचलो?" विचारलं. सुवर्णा स्टिअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून, ट्रक शेजारून गेला की श्वास रोखून चालवत होती.

टेम्पल गाव मागे पडलं आणि गाडीच्या स्पीकरवर फोन वाजला. रीमाचा, म्हणजे माझ्याच सुनेचा. निघताना मी फ्रिजवर चिठ्ठी लावून आले होते. ती तिने वाचली होती, ग्रुपवर सांगितली होती, आणि दोन वर्षांत जे झालं नाही ते बाकीच्या तीन घरांनी एका तासात करून टाकलं होतं.

"अगं सुवर्णा, एकटी कशी जातेस? ऐक ना, आत्ताच सगळ्यांचं फिक्स झालं. चौदा जून. घर पण मिळालंय, पाच बेडरूम. तू हे कॅन्सल कर यार. सगळे मिळून जाऊ, मुलांना जास्त मजा येईल."

बोलणं गाडीभर ऐकू येत होतं. रीमा वाईट नाही, तिला खरंच तसं वाटत होतं. सुवर्णाचा पाय ॲक्सिलरेटरवरून हलका झाला, गाडी मंदावली ते मला कळलं. समोर परत फिरायचा एक्झिट दिसत होता. ती हो म्हणणार, असं मी धरूनच चालले होते.

मागे अनिकाने गॉगल काढला. दांड्या मिटल्या, डबीत ठेवला, डबी बॅगेत टाकली आणि चेन ओढली. रडली नाही, रुसली नाही. सुवर्णाला ते आरशात दिसलं.

"रीमा," ती म्हणाली, "आम्ही निघालोय. आम्ही आजच जाणार. जूनमध्ये तुम्ही जा."

पलीकडून रीमा मला म्हणाली, "आई, तुम्ही तरी सांगा ना हिला."

"रीमा, रस्त्यात ट्रक फार आहेत. ती गाडी चालवतेय, ठेव आता," मी म्हणाले. सुनेविरुद्ध मत देण्याचा आनंद मी लपवला, पण तो झाला होता.

एक्झिट मागे गेला. अनिकाने गॉगल परत बाहेर काढला नाही.

पार्कात बाहेरचं खाणं नेता येत नाही, म्हणून पार्किंगमध्ये डिकी उघडून आम्ही पुऱ्या खाल्ल्या आणि आत शिरलो. आर्य फिरत्या घोड्यांवर चार वेळा बसला. अनिकाला एकच हवं होतं, लाल रंगाचा मोठा रोलर कोस्टर, ज्याचे व्हिडिओ ती वर्षभर बघत होती. तिथे गेलो तर साखळी लावलेली. वारा जास्त असल्यामुळे बंद. कधी उघडेल, सांगता येत नाही.

"इट्स ओके, मॉम," अनिका म्हणाली. इतक्या लगेच म्हणाली की जणू उत्तर घरून आणलं होतं.

"नॉट ओके," सुवर्णा म्हणाली, आणि मी तिचा तो कामाच्या फोनवरचा आवाज ऐकला. गेटवरच्या मुलीला तिने विचारलं, वारा किती असला की बंद करता, कोण मोजतं, किती वेळाने मोजतं. उत्तर मिळालं, दर वीस मिनिटांनी. तिने फोनमध्ये वीस मिनिटांचा गजर लावला. मग दुपारभर आम्ही जवळपासच्या लहान पाळण्यांवर फिरलो आणि दर गजराला ती पोरीला घेऊन गेटपाशी जाऊन आली. सात वेळा गेली. सात वेळा नाही ऐकलं. त्या गेटवरच्या मुलीला तोंडावर हसू ठेवणं जड जायला लागलं होतं. मी आर्यला मांडीवर झोपवून गेटसमोरच्या बाकावर बसले होते आणि मनात म्हणत होते, बाई, पुरे आता.

चारच्या सुमाराला ती एकदम उभी राहिली. रुळावरून एक रिकामी गाडी धडधडत गेली.

"काकू, टेस्ट रन आहे," ती म्हणाली. "रिकामी सोडून बघतायत. दोन-तीन राउंड नीट गेले की उघडणार. मी हेच करते हो रोज."

आणि पोरीचा हात धरून पळाली. बाकी लोक आइस्क्रीम चाटत ती रिकामी गाडी नुसते बघत होते. साखळी निघाली तेव्हा रांगेत पहिल्या या दोघी.

गेटवरच्या मुलीने अनिकाची उंची मोजली. बसता येईल, पण सोबत मोठं माणूस हवं. आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून खाली बघितलं तरी सुवर्णाला गरगरतं, हे मला माहीत होतं. "कोण बसणार?" मुलीने विचारलं. सुवर्णाने पर्स माझ्याकडे फेकली आणि अनिकाच्या शेजारी जाऊन बसली.

मी खालून बघत होते. गाडी चढली, टोकाला गेली आणि कोसळली. सुवर्णाचे डोळे गच्च मिटलेले, तोंड उघडं, आणि तिच्या शेजारी माझी ती गप्प पोर दोन्ही हात वर करून किंचाळत होती. मला रडू आलं. सहासष्ट वर्षांची बाई, मांडीवर परकं मूल, आणि भर गर्दीत मी डोळे पुसत होते.

उतरल्यावर बाकावर बसून सुवर्णाने अर्धी बाटली पाणी प्यायलं. अनिका समोर उभी, केस विस्कटलेले, बोलणं थांबत नव्हतं. बोलता बोलता मध्येच म्हणाली, "आई, आपण परत कधी येऊ?"

दोन वर्षांत सहलीबद्दल तिने विचारलेला पहिला प्रश्न. आता "बघू" येणार म्हणून मी सुवर्णाकडे पाहिलं.

"ऑक्टोबरमध्ये," ती म्हणाली. "बाबांना घेऊन."

अनिकाने आर्यला गदागदा हलवून उठवलं आणि झोपाळलेल्या त्याला ओढत उंची मोजायच्या फळीपाशी उभं केलं. इंचभर कमी भरला. "ऑक्टोबरपर्यंत वाढायचंय तुला, भात संपवत जा," असं तिने त्याला बजावलं. आईकडे वळून "नक्की ना?" असं काही तिने विचारलं नाही.