नरसय्या मामांची हार्ड डिस्क

तुम्हाला आज जे सांगणार आहे ते माझ्या नवऱ्यालाही ठाऊक नाही. आईला सांगायचा तर प्रश्नच नव्हता, ती गावभर करून मोकळी झाली असती. आठ वर्षं झाली याला. आज मात्र पुरतं सांगायचंच असं ठरवून बसले आहे, मध्येच उठणार नाही.

शुक्रवार पेठेत — पुण्यातल्या नव्हे, आमच्या चादरींच्या गावातल्या — माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. बाईचं दुकान म्हणून सुरुवातीला लोक गंमत बघायला यायचे, मग मुकाट्यानं कामं घेऊन यायला लागले. आपल्याला सगळं येतं — हा माज मला तेव्हापासूनचा. तोंडानं फटकळ, हातानं चपळ, असं माझ्याबद्दल म्हणतात. चपळ म्हणजे काय हो? घाईच की ती.

नरसय्या मामा आमच्याच गल्लीतले. जन्मभर चादरींची नक्षी काढली त्यांनी, चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन रंगवून. डोळे अधू झाले तेव्हा त्यांची सून पद्मा ते काम कॉम्प्युटरवर घेऊ लागली. तिला शिकवलं मीच. दोन महिने बसून तिनं मामांचे सगळे कागद स्कॅन केले, एका हार्ड डिस्कमध्ये भरले, आणि वाळवी लागलेले ते गठ्ठे मामांनी रद्दीत दिले. पुढं पद्मा स्वतःच्या नक्षी काढायला लागली. एका कारखानदारानं त्या बघायला मागवल्या होत्या. त्या घरातल्या बाईची नक्षी पहिल्यांदाच मागावर चढणार होती, आणि तीही त्याच डिस्कमध्ये होती.

दुसरी प्रत ठेव, हे मी सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. पण मला कबूल करायचंय ते हे नाही — हे त्यामानानं सोपं आहे.

एका सकाळी पद्मा डिस्क घेऊन आली. "अक्का, बाकीचे पेन ड्राइव्ह सगळे उघडतेत की. ही लावली की खिडकीच हँग होती बघा. वरची हिरवी रेघ लई वेळ सरकत ऱ्हाती, फुडं कायच न्हाय."

"दहा मिनिटांचं काम आहे. ठेवून जा," मी म्हणाले.

दहा मिनिटं! वायर बदलली. दुसऱ्या ठिकाणी खुपसून पाहिली. फाइलींची छोटी चित्रं दाखवणं बंद केलं, कधीकधी त्यानंही खिडकी गोठते. दुसरा कॉम्प्युटर घेतला — तेच. दुकानातल्या बाकी डिस्क धडाधड उघडत होत्या, अडत होती ती एवढी एकच. मग तिला कान लावला. आतून बारीक टकटक येत होती.

आता आमच्या धंद्यात एक नियम आहे. डिस्क टकटकायला लागली की तिला दुरुस्त करायला जायचं नाही. निघेल तेवढं आधी हळूहळू दुसऱ्या डिस्कवर काढून घ्यायचं, मग दोन दिवस लागोत. मला हा माहीत नव्हता का? मी कॉम्प्युटरचे क्लास घ्यायचे, तिथं तो स्वतःच्या हातानं फळ्यावर लिहायचे.

पण मी दहा मिनिटं म्हणून बसले होते. गिऱ्हाइकं खोळंबली होती. आणि पद्मापुढं मला — खरं सांगू? — उस्ताद दिसायचं होतं. डिस्कमधल्या चुका आपोआप सुधारायची आज्ञा दिली आणि डबा खायला बसले. डबा संपला तोवर फोल्डरांची नावं गेली होती. आत नुसत्या आकड्यांच्या फाइली, एकही उघडेना. घाबरून पुन्हा लावली, पुन्हा लावली. चौथ्यांदा डिस्क दिसेनाच. नंतर गुपचूप पुण्यालाही पाठवून पाहिली, तिथंही त्यांनी हात टेकले.

संध्याकाळी मामा आणि पद्मा दोघं आले. "काय झालं गं?" मामांनी विचारलं. आणि मी — उचलली जीभ, लावली टाळ्याला.

"मामा, चालू असताना कुणीतरी वायर ओढलीय. अशानं डिस्क मरते."

कुणीतरी! त्या घरात कॉम्प्युटरला हात लावणारं माणूस एकच होतं. मला ते माहीत होतं. माहीत होतं म्हणूनच तसं म्हणाले.

मामा ओरडले नाहीत. "उद्यापासनं त्या मशीनपाशी बसू नको, अम्मा," एवढंच सुनेला म्हणाले. ती ओरडली असती, भांडली असती, तर कदाचित मी तिथंच कबूल केलं असतं. पण ती विचार करत उभी राहिली. "ओढली असंल एकदा, अक्का," ती मला म्हणाली. "माझ्या ध्यानात न्हाय." न केलेली चूक ती माझ्यासमोर आठवून बघत होती. मी ऐकून घेतलं.

तेव्हापासून पद्मा घरी टॉवेलच्या कडा शिवते. तिनं पुन्हा एकही नक्षी काढलेली नाही.

डिस्क आधीच आजारी होती, हे खरं. माझा हात लागला नसता तरी कदाचित गेली असती. या वाक्याच्या आडोशाला मी आठ वर्षं बसले. पण डिस्क माझ्या घाईनं गेली असेल, पद्मावरचा आळ घाईत घातलेला नव्हता. त्यासाठी मी माणूस नेमका निवडला होता.

गेल्या आठवड्यात ती मोबाइल घेऊन दुकानात आली. चोराच्या मनात चांदणं, मला वाटलं, डिस्कचंच विचारायला आली. काम किरकोळ होतं. 'ओके' दाब, मी म्हणाले. तिनं बोट मागं घेतलं. "नको अक्का, तुमीच दाबा. माझ्या हाताला मशीन सोसत न्हाय." आणि हसली. मी ते बटण दाबलं.

मला हे आता सहन होत नाही. उद्या सकाळी मी त्यांच्या घरी जाणार आहे. खोटं दोघांसमोर बोलले होते, तेव्हा खरंही दोघांसमोरच बोलणार, मामांना ऐकू जाईल अशा आवाजात. माफी मागणार नाही. मी माफी मागितली की पद्माला "असू द्या अक्का" म्हणावं लागेल, ती म्हणेलच, आणि तेवढंही आता तिच्याकडून घ्यायचा मला हक्क नाही.