शिरवण्याच्या मैदानाचं कुलूप

हिरूबाय म्हात्रे, राहणार शिरवणे गाव, नवी मुंबई. हिच्यावर अन्याय झाला तो गेल्या होळीच्या आदल्या दिवशी, सकाळी, नळाला पाणी आलं होतं तेव्हा. शेजारच्या औद्योगिक पट्ट्यातल्या एका कारखान्यातून वायू सुटला, डोंगराकडच्या वाऱ्याबरोबर गावात शिरला आणि हिरूबायच्या घशात बसला. ती गावची धवलारीण (लग्नविधीची गाणी म्हणणारी बाई). आता तिच्या तोंडून कुजबुजीपलीकडे काही निघत नाही. हा पहिला अन्याय. दुसरा मागाहून झाला. चौकशीच्या अहवालात लिहिलं गेलं, ‘नागरिक चुकीच्या ठिकाणी जमल्याने त्रास वाढला.’

हे वाक्य नवी मुंबईतल्या माझ्या मामाने फोनवर पाठवलं तेव्हा मी इथे, आपल्या कोयनेच्या खोऱ्यात, दरडीबद्दलची पत्रकं वाटत होते. वाचलं आणि डोकं सणकलं. कारण हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे. आपल्याकडे दरड कोसळली तेव्हाही साहेब लोकांनी हेच लिहिलं होतं, फक्त शब्द वेगळे: ‘नागरिकांनी वेळीच स्थलांतर केले नाही.’ कुठे करायचं, कशातून, रस्ता वाहून गेल्यावर कसं, ते लिहायला त्यांच्याकडे जागा उरली नसावी. मी पिशवी भरली आणि पाटणहून एसटी धरली.

घाट उतरला की हवा अंगाला चिकटायला लागते. पनवेल मागे पडलं तशा इमारती उभ्या राहिल्या, एकीच्या खांद्यावर दुसरी. मधूनच खाडीचा चिखल दिसायचा, त्यावर बगळे. मला वाशीला उतरून घणसोलीची बस धरायची होती. डोळा लागला आणि मी थेट खाडीपुलापलीकडे मुंबईत पोचले. तिथून उलट्या बसने घणसोली. मामा स्टॉपवर उभाच होता.

“आपत्तीचा अभ्यास करायला आली आणि आपला स्टॉप कळंना,” मामा म्हणाला. “आता तुजाच अहवाल लिव्हतो. नागरिक चुकीच्या ठिकाणी उतरला.”

मामा बाजारात माथाडी आहे. घणसोली गावात त्याची भाड्याची खोली, इतकी चिंचोळी गल्ली की समोरच्या घरातली फोडणी आपल्या नाकात. पलीकडे टॉवर. मामीने बाजरीची भाकरी आणि पावट्याची आमटी वाढली. मी जेवता जेवता विचारलं, “मामी, इथं काही झालं तर कुठं पळायचं, माहीत आहे का?”

“इथं?” मामी हसली. “गल्लीत टेम्पो उभा असला तर साधं दळनाला जाता येत न्हाय. पळती कुठली!”

दुसऱ्या दिवशी शिरवण्याला गेले. नवी मुंबईची मूळ गावं शोधावी लागतात. आखलेले चौरस रस्ते चालत राहायचे आणि जिथे रस्ता अचानक वाकडा होतो तिथे गाव सुरू होतं. हिरूबाय ओट्यावर सुकट निवडत बसली होती. हिरवं लुगडं, केसांत अबोली. आवाज सोडला तर बाई ठणठणीत दिसते. मी बोलायला लागले तर तिने हाताने जवळ बोलावलं. तिच्याशी बोलायचं म्हणजे गुडघ्याला गुडघा लावून बसावं लागतं.

“गावान काय पन झालं तं आमी देवलाकं धावतू,” ती कुजबुजली. “पानी भरलं तं देवलाकं, आग लागली तं देवलाकं. आमचे आजे-पंजे पन तसंच करत व्हते. त्या दिशी डोलं चुरचुरले. मी सगल्या बायांना हाक मारली. माजा आवाज मोठा ना! चला, देवलाकं चला. पोरं घेऊन आल्या बाया.”

तिने मला गावदेवीचं देऊळ दाखवायला नेलं. आपल्या पायांनाच कळतं, रस्ता उतरत जातो. देऊळ गावाच्या सगळ्यात सखल भागात, नाल्याच्या कडेला. आणि हा वायू हवेपेक्षा जड. तो खाली उतरतो आणि बसून राहतो. सगळं गाव जिथे जमलं तिथेच तोही जमला.

“मीच बोलावलं त्यांना,” हिरूबाय म्हणाली.

मी विचारलं, “मग योग्य ठिकाण कुठलं होतं?”

ते मात्र तिला नंतर कळलं होतं. गावाच्या वरच्या अंगाला मैदान आहे. आम्ही चढ चढून गेलो. मोठं, मोकळं, वारा खेळतं मैदान. भोवती भिंत. भिंतीवर हिरवी पाटी: ‘आपत्कालीन जमण्याची जागा’. पाटीखाली लोखंडी फाटक. फाटकाला कुलूप.

आतून रखवालदार आला. बोलण्यावरून ओळखलं, माणूस आपल्या भागातला. कराडकडचा निघाला, शिंदे काका.

“मैदान एका संस्थेला चालवायला दिलंय,” ते म्हणाले. “मेंबर लोकं रविवारी सेक्रेटरीसंगं येऊन खेळत्यात. चावी त्येच्याकडंच, मी शिडीनं भिंत चढून ये-जा करतो.”

“आणि वायू सुटला तर?”

“सेक्रेटरीला फोन लावायचा.”

“ते कुठे असतात?”

“पुन्याला,” काका म्हणाले, आणि स्वतःच मान खाली घातली. “ताई, मला काय बोलू नका. त्या दिवशी मी बी आतच व्हतो, पन फाटक उघडाया चावी कुठली!”

हिरूबायने फाटकाच्या गजातून हात घातला आणि आतलं गवत दाखवलं. “हितं माज्या सासऱ्याचं भात व्हतं. शहराला जमीन दिली आमी. आता मना हितं जमाचं तं चावी पुन्याला.”

घरी परत आल्यावर तिने तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण वाढलं. असं कालवण मी जन्मात खाल्लेलं नाही. नाकातून पाणी आलं आणि तिने कुजबुजत चिडवलं, “घाटावरची पोर! येवऱ्यानच रडतं!” मग तिने मला काय हवंय ते सांगितलं. नुकसानभरपाईचं नावसुद्धा काढलं नाही. तिला दोन गोष्टी हव्या होत्या: त्या फाटकाचं कुलूप निघावं, आणि बचावाची पुढची तालीम होईल ती देवळापासून मैदानापर्यंत व्हावी, गावातल्या माणसांना घेऊन. बायांच्या पायांना वरचा रस्ता ओळखीचा व्हावा. “आता मना हाक माराला जमाचं नाय,” ती म्हणाली. “पायांनाच म्हाइत पायजे.”

हे मागणं घेऊन मी सरकारी कार्यालयात गेले. लिफ्ट बंद, खाली सांगितलेला मजला चुकीचा, वर सांगितलेली खोली जेवायला गेलेली. शेवटी एक साहेब भेटले. तरुण, नीटनेटके, बोलायला गोड. त्यांच्यामागे भिंतीवर भला मोठा तक्ता.

“हे बघा मॅडम, सिस्टिम अशी आहे.” त्यांनी वरून बोट फिरवायला सुरुवात केली. दिल्लीत आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, अध्यक्ष पंतप्रधान. राज्यात प्राधिकरण, अध्यक्ष मुख्यमंत्री. जिल्ह्यात जिल्हाधिकारी. प्रत्येक पातळीची योजना. बचावाची खास दलं, होड्या, यंत्रं, मोबाइलवर येणारे इशारे. खोटं बोलणार नाही, ऐकून बरं वाटलं. त्या दलाचे जवान आपल्या खोऱ्यात चिखलात कमरेपर्यंत उतरले होते, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. त्यांना माझा सलाम आहे. पण ते येईपर्यंतचा वेळ गावाचाच असतो. साहेबांचं बोट तक्त्याच्या तळाशी पोचलं. तिथे एक छोटा चौकोन होता: ‘नागरिक: सहकार्य करावे’.

“सहकार्य कुठे जमून करायचं?” मी विचारलं. “मैदानाला कुलूप आहे.”

“ते स्थानिक पातळीवर बघावं लागेल.”

“स्थानिक पातळीवर म्हणतात वरून आदेश लागतो.”

साहेब हसले. “चांगली बातमी देतो. पुढच्या आठवड्यात मॉक ड्रिल आहे. बघायला या.”

“गावात?”

“कारखान्याच्या आवारात. गावकऱ्यांना घेतलं की पॅनिक होतं, मॅडम.”

म्हणजे बघा. वायू गावात येणार, रंगीत तालीम गावाबाहेर. मी हे हिरूबायला सांगितलं तेव्हा ती रागावली नाही. तिने एवढंच विचारलं, “भोंगा कंदी वाजनार हाय?”

तालमीच्या सकाळी मी कारखान्याच्या फाटकाशी उभी होते. आत मांडव, खुर्च्या, पाण्याच्या बाटल्या. चार कामगार जखमी म्हणून स्ट्रेचरवर झोपलेले, त्यातला एक फोन बघत होता. भोंगा वाजला. अग्निशमनची पोरं मात्र जीव लावून धावली, त्यांना नावं ठेवायची माझी टाप नाही. जखमी उचलले, रुग्णवाहिकेत घातले. योजनेत लिहिलं होतं की रुग्णवाहिका प्रथम जमण्याच्या जागेवर जाते. ती निघाली. मागे साहेबांची गाडी, त्यामागे अग्निशमनची. मी एका रिक्षात उडी टाकली.

मैदानापाशी पोचलो तर फाटकासमोर गाव उभं होतं. भोंगा ऐकताच हिरूबाय देवळातून निघाली होती आणि तिच्यामागे गल्ल्यागल्ल्यांतून बाया, पोरं, म्हातारे सगळे चढ चढून आले होते. कुणी कणकेच्या हाताने आलेली, कुणी केस धुता धुता. धक्काबुक्की नाही, आरडाओरडा नाही. पॅनिक म्हणतात ते मला कुठे दिसलं नाही. रुग्णवाहिका थांबली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला. फाटकाला कुलूप.

“चावी?” साहेबांनी विचारलं.

“पुन्याला,” शिंदे काका आतून म्हणाले. या वेळी त्यांनी मान खाली घातली नाही.

साहेब फोनवर फोन लावत राहिले. स्ट्रेचरवरचा खोटा जखमी उठून बसला आणि म्हणाला, “साहेब, मी मेलो समजा आता.” बाया फिसकन हसल्या. हिरूबाय पुढे झाली. ती काही बोलते आहे हे साहेबांना दिसलं, पण ऐकू येईना. त्यांना वाकावं लागलं. कान तिच्या तोंडाशी न्यावा लागला. मी शेजारीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

“साहेब, आज तुमी पन चुकीच्या ठिकानी जमलाव.”

साहेब सरळ झाले. चेहरा उतरला होता. अग्निशमनचा एक जवान कटर घेऊन पुढे आला. “कापू का साहेब? तालीमच हाय.” साहेबांनी मागे गावाकडे पाहिलं, पुढे फाटकाकडे पाहिलं, आणि मान हलवली. ठिणग्या उडाल्या. कुलूप पडलं. हिरूबाय सगळ्यांत आधी आत गेली, सासऱ्याच्या भातात, आणि मैदानाच्या मधोमध जाऊन खाली बसली.

मी निघाले तेव्हा फाटकाला नुसती कडी होती. संस्थेने नवं कुलूप आणलं होतं, पण रोज संध्याकाळी शिरवण्याच्या बाया तिथे जाऊन बसतात आणि शिंदे काकांना म्हणे ते कुलूप सापडतच नाही. अहवालातलं वाक्य मात्र अजून तसंच आहे. ते खोडून घेतल्याशिवाय मी गप्प बसणार नाही आणि हिरूबायचा आवाज गेला असला तरी तीही गप्प नाही.

परतीच्या एसटीत घाट चढताना मी आपल्या खोऱ्याचा विचार करत होते. आपल्याही योजनेत सुरक्षित जागा लिहिलेली आहे. टेकाडावरची शाळा. सुट्टीत तिला कुलूप असतं आणि पाऊस सुट्टीचे वार बघून पडत नाही. चावी कुणाकडे असते? तुम्हाला माहीत आहे? मलाही नव्हतं. दिल्लीला दोष देणारी पत्रकं मी लिहिली, पण त्या दाराला हात लावून पाहिला नाही.

तेव्हा वाचून झालं असेल तर उठा. घरातल्या म्हातारीला आणि पोरांना बरोबर घ्या, चालत टेकाडावर जा आणि त्या शाळेचं दार ढकलून बघा. उघडलं नाही, तर उघडल्याशिवाय खाली उतरू नका.