वन्संसाठी घेतलेला चाकू

जहाजांचे नमुने करायला बारीक कामाचा चाकू कोणता घ्यावा, असं तुम्ही दोघांनी विचारलंत. तिकडच्या दुकानांत काय मिळतं ते मला ठाऊक नाही. चाकू निवडायचं काम मी आयुष्यात एकदाच केलं, तेही दुसऱ्या कुणासाठी. पण ते नीट झालं, म्हणून सांगते.

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची गोष्ट. जळगावला इंग्रजी शाळा संपवून, लग्न होऊन मी धुळ्याला आले होते. घरात सासूबाई, तुमचे आजोबा आणि त्यांची धाकटी बहीण. ती माझ्याहून वयाने लहान, पण नणंद म्हणून मी तिला 'वन्सं' आणि 'अहो' म्हणे. लिहितानाही आता तसंच येतं आहे.

वन्संच्या हातात कागद कापायची कला होती. श्रावणात आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला डोळे, नथ, दागिने घालून देवी चौरंगावर मांडतात आणि गावोगाव पांगलेले भाऊबंद त्या दिवशी एका घरी येऊन जेवतात. देवीच्या मागे पतंगी कागदाची जाळी लावायची, ती वन्संनी कापलेली. मोर, केळीची पानं, कापसाची बोंडं. त्या कागदाची घडी घालून कात्री फिरवत, आणि घडी उलगडली की आलेल्या बायका जेवायला उठायचं विसरत.

मग त्यांना मोठा ताप आला. ताप उतरला, पण डावा हात लुळा पडला तो पडलाच. त्या वर्षी सासूबाईंनी कानबाईला बाजारची तयार फुलं लावली. वन्सं भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. त्यानंतर त्यांनी घरात कुणाकडे काही मागितलं नाही. भाजीत मीठ कमी असलं तरी तशीच खात. मला त्या गप्प ताटाची भीती वाटू लागली.

कात्री एका हाताने चालते हो, पण कागद फिरवायला दुसरा लागतो. मी कागदावर वरवंटा ठेवून पाहिला आणि त्यांच्या हातात तुमच्या आजोबांचा पेन्सिलीचा चाकू दिला. सरळ रेघ छान निघाली. वळण आलं की वरवंटा उचला, कागद फिरवा, पुन्हा ठेवा. त्यात मोराची मान फाटली.

"राहू दे, वहिनी," वन्सं म्हणाल्या. "मोर मेला. सुतक धर आता."

पुढे एकदा त्या विळीवर भेंड्या चिरत बसल्या होत्या. पाय विळीच्या पाटावर, उजव्या हातात भेंड्या, पातं जागच्या जागी. मध्येच थांबल्या आणि मला म्हणाल्या, "वहिनी, इथे कुठे लागतो गं दुसरा हात?"

आपल्याकडे बायका पातं फिरवत नाहीत, पात्यावर जिन्नस फिरवतात. रोज करत असूनही ते आम्हा दोघींच्या ध्यानात आलं नव्हतं. वन्संना हवी होती एक एवढीशी विळी. लोहाराने एक करून दिली, पण तिचं पातं जाड. पतंगी कागद चुरगळला. मग आम्ही दोघी आग्रा रोडवरच्या लोखंडी सामानाच्या दुकानात गेलो. दुकानदार गुजराथी होते, पिकलेल्या मिशांचे.

"चाकू? भाजीसाठी ना? बेन, विळी न्या."

"कागदासाठी हवाय," मी म्हटलं.

त्यांनी तीन विलायती चाकू काढले आणि रीतीप्रमाणे आमच्या हातात न देता गादीवर ठेवले. मला त्यातला जाडजूड आवडला. पात्यावरची इंग्रजी अक्षरं वाचली, एकेक पट्टी उघडून पाहिली. कात्री होती, बूच काढायचा स्क्रू होता, कानस होती, आणि एक वाकडा आकडा.

"हा कशाला?"

"घोड्याच्या खुरात खडा अडकला तर काढायला. साहेब लोक घेतात."

"आमच्याकडे घोडा नाही," वन्सं म्हणाल्या. "दादाच्या चपलेतला निघेल का?"

मग त्या चप्पल काढून ओट्यावर बसल्या. चाकूची मूठ पायाच्या बोटांच्या बेचक्यात धरली, पातं उभं केलं आणि रद्दीचा कागद वरून टोकावर दाबला. पातं मिटलं आणि पायाच्या अंगठ्याला चीर पडली. दुसरा चाकूही मिटला. तिसरा मिटला नाही, पण त्याची मूठ गोल असल्यामुळे पायात ठरेना.

"अरे बेन!" दुकानदार गादीवरून उठलेच. "चाकू हाताने चालवतात!"

"हात एकच आहे, शेठजी. तो कागदाला लागतो."

त्यांनी एकवार वन्संच्या पदराखालच्या हाताकडे पाहिलं आणि आत गेले. बऱ्याच वेळाने फडताळाच्या तळातून एक डबी घेऊन आले. आतला चाकू दिसायला साधा होता. हाडाची चपटी मूठ, निमुळतं पातं. ते उघडलं की मागची पट्टी खटकन बसे आणि ती दाबल्याशिवाय पातं मिटत नसे. दुसरं एक बारीक पातं होतं, सुईसारख्या टोकाचं. मुठीच्या शेवटी पितळी कडी.

"कडीत दोरी घाला आणि पाटाला बांधून टाका," ते म्हणाले. "पायाला त्रास नको." वन्संच्या अंगठ्याला बांधायला त्यांनी स्वतःच्या जुन्या उपरण्याची चिंधी फाडून दिली. त्या माणसाची आठवण आली की आजही मी मनातल्या मनात हात जोडते.

तुमच्यासाठी यातून घेण्यासारखं एवढंच. उघडलेलं पातं आपोआप मिटता कामा नये, मूठ गडगडता कामा नये, आणि जास्तीच्या सोयींपैकी आपल्या हाताला जी उणीव असेल ती भरून काढणारीच घ्यावी. बाकीच्या घोडेवाल्यांना.

तुमच्या आजोबांनी एका जुन्या पाटाला भोकं पाडून चाकू पक्का बांधला. सासूबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. वन्संनी पाटावर पाय ठेवला मात्र, सासूबाई घरच्या अहिराणीत ओरडल्या, "काय वं, लोखंडले पाय लावस? लछमी शे ती!"

"मग इळीले रोज काय लावस, माय? गंध?"

सासूबाईंना हसू आवरेना. त्या तिथेच बसल्या आणि घडी घालायला दोन हात लागतात म्हणून कागदाच्या घड्या स्वतः घालून देऊ लागल्या. सगळा आषाढ मायलेकी त्या पाटाशी बसल्या. सुरुवातीचे मोर कोंबड्यांसारखे झाले. ते आम्ही चुलीत घातले, हसत घातले.

कानबाईच्या सकाळी जाळी लागली. मोरांच्या माना पूर्वीपेक्षा जाड होत्या. एका कोपऱ्यातलं पान तुटलं होतं, ते मी खळीने चिकटवलं. नरडाण्याच्या चुलतसासूबाई जवळ जाऊन निरखत म्हणाल्या, "बाजारातून आणली का गं यंदा?"

"हो, काकू," वन्सं म्हणाल्या. "आमच्या घरी पायाखाली बाजार भरतो."

पंगतीत त्यांनी मीठ मागितलं. मग ताट अर्धवट ठेवून मला हळूच हाक मारली.

"वहिनी, काकूंना त्यांच्या गणपतीसाठी एक जाळी हवीय. हिरवा कागद संपलाय गं. आणतेस?"

मी उष्टा हात धुतला, पायात चपला सरकवल्या आणि तशीच बाजाराकडे निघाले.