कुंडीतला मृग बहार

मैनाबाईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं आणि मुलानं तिला अकोटजवळच्या खेड्यातून उचलून बडनेऱ्याला आणलं. कुंदन रेल्वेत नोकरीला. घर तिसऱ्या मजल्यावर, आणि लिफ्ट मनात आलं तर चालणार. सून करिश्मा गुणाची. हातात ताट आणून द्यायची आणि वरून म्हणायची, "आई, तुमी बसा." पण उभा जन्म काळ्या मातीत काढलेल्या बाईला दिवसभर बसायला सांगणं म्हणजे शिक्षाच की! मैनाबाईला त्या 'बसा'चा असा संताप यायचा की विचारू नका.

त्यात कुंदननं एकच टुमणं लावलेलं. गावची संत्र्याची बाग तिथल्याच नत्थुजीला बटईनं, म्हणजे वाट्यानं कसायला द्यायची, सगळा कारभार त्याच्यावर सोपवायचा आणि मोकळं व्हायचं.

"माय, तुह्याच्यानं आता काही होत नाही. काहून जीव अडकवून राहिली तिथं?"

नवऱ्याच्या माघारी ती बाग मैनाबाईनं एकटीच्या हिमतीवर वाढवली होती. पोराचे शब्द तिच्या जिव्हारी लागले. पण ती रडणाऱ्यांतली नव्हती, आणि ऐकून घेणाऱ्यांतली तर मुळीच नव्हती.

गॅलरीत करिश्माची एक कुंडी होती. ब्रह्मकमळ. नाव एवढं मोठं, पण जात निवडुंगाची. पान मातीत खोचलं की झाड होतं. करिश्मा माहेरून, पातूरहून निघताना आईनं तिच्या हातात एक पान दिलं होतं, त्याचं हे झाड. करिश्मा त्याची पानं पुसायची, रोज पाणी घालायची, पण झाडानं कधी कळी दाखवली नव्हती.

"माह्या मायकडं पावसाळ्यात फुलांनी लदबदते," करिश्मा एकदा म्हणाली. "इथंच कायले रुसलं, काय माहीत."

मैनाबाईनं कुंडीकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"कुंदन, हे झाड मी फुलवून दाखवीन. नाही फुललं, तर बाग तुह्या मनासारखी देऊन टाक. मी तोंड उघडणार नाही."

"लागली शर्त," कुंदन हसत म्हणाला. त्याला वाटलं, आई आता गप्प बसली.

आणि मैनाबाईनं पहिल्याच डावात माती खाल्ली. कुंदन गावी गेला तेव्हा तिनं त्याच्याकडून थोडा युरिया मागवला. शेतकऱ्याचा हात तो, पीक जरा मलूल दिसलं की आधी युरियाकडेच जातो. दर आठवड्याला चिमूटभर युरिया मुळाशी जायला लागला. झाडानं जे अंग धरलं, ते काय सांगावं! पानं हिरवीकंच झाली, लांबलचक फांद्या जाळीतून बाहेर पडून शेजारच्या सुंदराबाईच्या वाळत घातलेल्या कपड्यांत शिरल्या. सुंदराबाई येता-जाता कौतुक करायची. मैनाबाई खूश. पावसाळा आला आणि गेला. कळी एक नाही.

मग कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. युरिया जास्त झाला की कपाशी माजते, नुसती पानावर जाते, बोंड धरत नाही, हे ती जन्मभर दुसऱ्यांना सांगत आली होती. आणि स्वतः कुंडीत तेच करून बसली! तिला स्वतःची भयंकर चीड आली.

"मग माय? देऊ का बाग?" कुंदननं चिडवलं.

"शर्तीत साल ठरलं नव्हतं," मैनाबाई फणकारली. "मृग येऊ दे."

संत्र्याच्या बागेत मृगाचा बहार घ्यायचा तर उन्हाळ्यात झाडांना ताण देतात. म्हणजे पाणी तोडायचं, झाडाला उपाशी ठेवायचं, पानं माना टाकून गळायला लागेपर्यंत. मग खत घालून पाणी सोडलं की झाड अंगभर फुलतं. निवडुंग असला म्हणून काय झालं, झाडच ना ते! उन्हाळा लागला तशी मैनाबाईनं कुंडी सावलीला ओढली. युरियानं खारावलेली वरची माती खुरप्यानं काढून टाकली. संत्र्याचे फळ न धरणारे पाणसोट छाटावेत तशा नुसत्याच उंच गेलेल्या फांद्या छाटल्या. आणि पाणी बंद केलं.

बडनेऱ्याचा उन्हाळा तो. पानं सुरकुतली, लोंबायला लागली. सुंदराबाईनं कौतुक बंद केलं. करिश्माचा चेहराही कुंडीसारखाच सुकत चालला. एका दुपारी मैनाबाईनं मातीत बोट घातलं, तर माती ओली.

"कोणाले दया आली व?"

करिश्मानं हातातलं लाटणं तसंच ओट्यावर ठेवलं आणि बाहेर आली. एरवी सासूपुढे चढ्या आवाजात न बोलणारी पोर. "माह्या मायनं देल्लं झाड हाय ते, आई. तुमच्या मायलेकाच्या शर्तीपायी तुमी त्याले मारून राहिल्या."

मैनाबाईनं मातीचं बोट पदराला पुसलं. खरंच होतं ते. झाड सुनेचं, आणि पणाला लावलं होतं सासूनं, तेही तिला न विचारता. तिला वाईट वाटलं. पण आता इतकी पुढे आल्यावर माघार कशी घ्यायची?

"एक पान तोड," ती शेवटी म्हणाली. "दुसऱ्या कुंडीत लाव. थ्याले पाहिजे तेवढं पाणी घाल, मी हात लावणार नाही. हे मेलं, तरी तुह्या मायचं झाड तुह्याजवळ राहीन. पण याच्या वाट्याले जाऊ नको."

करिश्मानं पान लावलं. पुन्हा चोरून पाणी घातलं नाही.

मृग लागला तसा मैनाबाईनं ताण तोडला. जुनं, कुजलेलं शेणखत ओंजळभर, चिमूटभर सुपर फॉस्फेट, थोडं पोटॅश. युरियाचा कण नाही. मग पाणी, तेही बेतानं. पानं पुन्हा भरली. आणि एके सकाळी करिश्मानं हाक न मारता धावत येऊन सासूचा हातच धरला आणि तिला गॅलरीत नेलं. पानांच्या कडांना लालसर टोकं फुटली होती. कळ्या! मैनाबाईनं चष्मा पुसून पुन्हा पाहिल्या. तिचे डोळे भरून आले, आणि ते तिनं लपवलंही नाही.

श्रावणात एका संध्याकाळी, दिवेलागणीनंतर, कळ्या उमलायला लागल्या. करिश्मानं हळदीकुंकू वाहिलं, पातूरला व्हिडिओ कॉल लावून आईला फुलं दाखवली. इमारतीतली माणसं गॅलरीत मावेनात. गर्दी ओसरल्यावर कुंदन आईजवळ येऊन बसला.

"जितली तू, माय. नाही देत बाग."

"देऊन टाक," मैनाबाई म्हणाली.

"आता काहून?" कुंदननं विचारलं.

"गुडघे मले बी दिसतात. डवरणी, फवारणी, सारं अंगमेहनतीचं नत्थुजीनं कराव. पण ताण कवा द्याचा अन् कवा तोडाचा, थे मी सांगीन. मले इचारल्याबिगर त्यानं बागेत पाणी सोडाचं नाही. हे कबूल असन त् दे."

कुंदननं लगेच फोन लावला. पलीकडून नत्थुजीचा आवाज आला, "बोला कुंदनभाऊ, काय ठरलं?"

"मी काय सांगू?" कुंदन म्हणाला. "मालकीण बोलतात, ऐका," आणि त्यानं फोन आईच्या हातात दिला.